बांधावरचं विरजण

शिवाजीनगरहून नारायणगावकडे जाणाऱ्या एसटीत थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन बसलं, की शेजारच्या माणसाला गप्प राहवत नाही. माझ्या शेजारणीनं राजगुरुनगर येईपर्यंत धीर धरला. मग विचारलंच.

“लस हाय का वो त्यात?”

“नाही. रिकामा आहे.”

“रिकामा? मग मांडीवं कशापायी घेतलाय? वर टाका की.”

तिचं बरोबर होतं. पण वर पोत्यांच्या गर्दीत टाकला असता तर तो दडपून फुटला असता आणि माझ्याकडे दुसरा नव्हता. त्या खोक्यातून मला बोरी बुद्रुकहून वाटीभर दही आणायचं होतं. आमच्या संचालकांच्या शब्दांत, “दहीच तर आणायचंय, जाऊन या.” ज्यानं जन्मात कधी विरजण लावलं नाही तोच माणूस असं बोलू शकतो.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. माणसाच्या आतड्याच्या पेशी आम्ही ताटल्यांमध्ये वाढवतो, त्यांच्यावर हगवणीचे जंतू सोडतो आणि काय होतं ते बघतो. होतं असं, की पेशी आरडाओरडा करतात. रसायनं सोडून हाका मारतात. खऱ्या शरीरात त्या हाकांना ओ देऊन फौज धावत येते, त्या जागी सूज येते, आग होते. ताटलीत फौज नसते, पण हाका मोजता येतात. चोर आला तर ओरडायलाच हवं. पण कधीकधी चोर पळाला तरी ओरडणं थांबत नाही आणि चोरानं केलं नसतं एवढं नुकसान घरच्यांच्याच धावपळीनं होतं. त्याला आम्ही दाह म्हणतो.

गेल्या वर्षी बोरीच्या ताराबाईंच्या दह्यातून आम्ही एक जिवाणू वेगळा काढला. तो आधी पेशींवर सोडला आणि मग रोगाचे जंतू सोडले, तर हाका कमी व्हायच्या. तो जंतूंना मारत नव्हता, पेशींना आवरत होता. दुकानातल्या दह्यातल्या जिवाणूंना हे जमत नव्हतं. आणि मग दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, फ्रीजरमधल्या सगळ्या कुप्या वितळून पडल्या. सुट्टीनंतर त्यांतलं काहीच उगवलं नाही. दोष कुणाचा यावर बैठकांवर बैठका झाल्या आणि शेवटी ज्या बाईचं काम बुडालं होतं तिलाच खोका देऊन एसटीत बसवण्यात आलं.

घोडेगावच्या बाजूला

मंचरला उतरले. वाटेवर आंबेगाव तालुक्यातली चार घरं बघून घ्यावीत, एकाच घरावर भिस्त ठेवू नये, असा माझा शहाणा विचार होता. मिसळ खाल्ली, ती चांगली होती. त्या दिवसातली तेवढीच गोष्ट चांगली होती.

घोडेगावच्या पुढं एका घरी बाईंनी मोठ्या अभिमानानं फ्रीज उघडून दाखवला. “आमी इरजण ठिवीतच नाय आता. दुकानातनं पिशवी आणायची, त्यातलं चमचाभर लावायचं. रोजचं ताजं.” दुसऱ्या घरी दूधच नव्हतं, दोन म्हशी होत्या, पण सगळं दूध पहाटे डेअरीच्या गाडीत जात होतं आणि घरच्या चहाला पिशवीचं दूध येत होतं. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्यांनी हिरव्या मिरचीचे देठ घालून दही लावायची त्यांची जुनी रीत सांगितली. मी हरखले. “आहे का आता लावलेलं?” “छ्या! आता कोण खातंय राव ते!” चौथ्या घरी मी गेलेच नाही. पुण्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांच्या पोटात एकाच कारखान्याचं दही गेलेलं होतं, आणि ते सोबत नेण्याची मला काही गरज नव्हती.

आळेफाट्याला बर्फ घ्यायचा होता. ऐन थंडीत रसवंत्या आणि गोळेवाले बंद. बर्फ मिळाला तो मासळीवाल्याकडे. त्यानं फोडता फोडता विचारलं, कशाला पाहिजे. दह्याला म्हटल्यावर हात थांबला.

“ताई, दही न् मासं एका जागी करू नये. कोड फुटतं अंगाला.”

“पिशवीत घालून ठेवेन.”

“बघा बुवा. मी आपलं सांगायचं काम केलं.” त्यानं बर्फ दिला, पण माझ्याकडे असं बघितलं, की पुढच्या वेळी मी पांढरी होऊनच येणार अशी त्याची खात्री असावी. खोक्याला बोंबलाचा वास लागला तो आजतागायत गेलेला नाही.

बोरी बुद्रुक

बोरीच्या लोकांना शास्त्रज्ञांचं नवल नाही. कुकडीच्या काठाला कुठल्याशा प्राचीन ज्वालामुखीची राख सापडते, ती बघायला देशोदेशीचे लोक येतात. त्यामुळे जीपमधून उतरल्यावर पारावरच्या माणसानं मला एवढंच विचारलं, “राखंच्या का?” मी म्हटलं, दह्याची. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

ताराबाईंच्या घरी मुलगा दत्ताभाऊ ओसरीवर कांद्याची रोपं निवडत बसला होता. गेल्या वर्षी पाण्याचा तांब्या पुढं करण्याआधी यानंच माझं आडनाव विचारलं होतं आणि ते ऐकून त्याचं समाधान झालं होतं. तेव्हा तो चांगला धट्टाकट्टा होता. आता सदरा खांद्यावरून लोंबत होता. मी “ताराबाई आहेत ना?” म्हणेपर्यंत माझी नजर आत गेली. भिंतीवर फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार.

“दिवाळी झाली न् गेली आई. झोपंतच.”

मी खोका खाली ठेवला. बाई बोलकी, मायाळू होती, मला जाताना पावटा बांधून दिला होता. तरी माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो तिच्या दह्याच्या मडक्याचा. तो मी विचारायच्या आधीच दत्ताभाऊची बायको वैशाली पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “मडकं सुतकात टाकलं ताई. घरातली समदी मातीची भांडी फोडत्यात आमच्यात. दही नदीला सोडलं.”

जेवायला मासवडी होती. ज्यांनी ती खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगते: बेसनाच्या लाटीत खोबरं, तीळ, लसणाचं सारण भरून वळलेली वडी आणि सोबत नाकातून पाणी काढणारा काळा रस्सा. मासा तिच्यात नावापुरताही नाही. पुण्यातल्या हॉटेलांत जी मिळते ती हिची चुलत बहीणही लागत नाही. मी खात होते आणि दत्ताभाऊ माझ्यासमोर मऊ भात आणि पिशवीतल्या दह्याचं ताक घेऊन बसला होता.

“मोठ्या आतड्याला सूज हाय म्हणतो डॉक्टर. गोळ्या चालूच हायत. आईच्या ताकावं लई बरा व्हतो मी. ती गेली न् पोटात जाळच लागला. दिवसातनं धा-धा येळा जावं लागतं, रगत पडतंय.” मग जरा पुढं सरकून म्हणाला, “मॅडम, तुमी नेलं व्हतं की तिचं दही. तुमच्या लॅबमधी असंल ना?”

मी फ्रीजरची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला. मी हेही सांगितलं, की ताटलीतल्या पेशी म्हणजे दत्ताभाऊ नव्हे. दह्यानं तुमचं पोट बरं होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. गोळ्या सोडू नका. तो मान हलवत होता. त्याला माझ्या छातीचं काही पडलेलं नव्हतं, त्याला ताक हवं होतं. मला जिवाणू हवा होता. दोघंही एकाच फुटक्या मडक्यापाशी येऊन बसलो होतो.

“आजीच्या आधीपासनंचं इरजण,” तो म्हणाला. “कंदी मोडलं न्हाई.”

आणि तिथं माझा घास थांबला. “सुतकात मडकी दर वेळी फोडता?”

“दर वेळी. भावकीत कुणीबी गेलं तरी.”

“भावकी मोठी असेल.”

“अर्धं गाव आमचंच की.”

“म्हणजे वर्षाला एखादं तरी सुतक. दर वेळी मडकं फुटलं, दही नदीला गेलं. मग विरजण कधीच मोडलं नाही, ते कसं?”

दत्ताभाऊ ताटाकडे बघत राहिला. वैशालीनं रस्स्याचं भांडं उचललं आणि नको असताना मला वाढलं. “ते आईलाच ठावं,” तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

उसात बिबट्या असल्यानं अंधार पडल्यावर बाहेर जाऊ देत नाहीत. मला तिथंच मुक्काम करावा लागला. सकाळी बंबात लाकडं सारता सारता वैशालीनं दाराकडे एकदा बघून घेतलं.

“ताई, तुमी खालच्या अंगाला जावा. आमच्या कांद्याच्या बांधापल्याड कमलबाईंचं घर हाय. बुद्धाच्या वस्तीवं. मी सांगितलं म्हणू नका.”

बांधापलीकडे

त्या बांधात बघण्यासारखं काही नाही. हातभर उंच, वर करडं गवत, एक बोरीचं झुडूप आणि एक सपाट दगड. मी तो ओलांडला तेव्हा एक चप्पल चिखलात रुतली.

कमलबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या असतील. आत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं दोन झेंडूची फुलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. विचारलं ते निराळंच.

“चा घेता का? आमच्यातला?”

मी घेते म्हटलं. साखर मरणाची होती. मी सगळा प्याले, आणि त्या मी पिते की नाही हे शेवटच्या घोटापर्यंत बघत होत्या. मग उठून आतून मडकं घेऊन आल्या. वरचं फडकं काढलं. वास नाकात गेला आणि मला ओरडावंसं वाटलं. तेच दही. घट्ट, किंचित पिवळसर, तोच आंबूस-गोड वास.

“हे ताराबाईंचं?”

“तिचं म्हणा, माझं म्हणा.” त्यांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. “आमी दोघी एकाच साली लगीन होऊन आलो. बांधाला बांध. तिच्या कांद्यात मी, माझ्या शेंगांत ती…” त्या थांबल्या. “न्हाई. ती न्हाई यायची माझ्यात. मीच जायची. तर माझं पोरगं ल्हान असताना त्याला हगवण लागली, रगत पडाया लागलं. तवा तिनं इरजण दिलं. पानात बांधून त्या दगडावं ठिवलं. तवाधरनं माझ्याकडं हाय.”

“आणि तुमच्याकडून परत तिच्याकडे?”

“मग! तिच्यात सुतक पडलं की मडकं फुटायचं. आमी धम्म घेतला तवाच सुतकं-बितकं समदं सोडलं. माझं मडकं कशाला फुटंल? सुतक फिटलं की मी वाटी भरून दगडावं ठिवायची. ती यायची, वाटीवं पाणी शिपडायची न् उचलून न्यायची.”

“पाणी?”

“सासूनं बघितलं तर म्हणून. सासू मेली तरी शिपडायचीच. अंगवळणी पडलं व्हतं.”

 त्या शेंगा फोडत बोलत राहिल्या. “आमच्यात कुणाची वाटी रिकामी धाडीत न्हाईत. चिमूटभर साखर घालावी, चार शेंगा घालाव्या. माझी वाटी मातूर कायम रिकामीच यायची. दगडावं पालथी.”

“वाईट होत्या का हो ताराबाई?”

“वाईट?” त्या चिडल्याच माझ्यावर. “माझ्या बाळंतपणात डिंकाचं लाडू केलं व्हतं तिनं. ते बी बांधावंच ठिवलं. लई जीव व्हता तिचा माझ्यावं. एक बांध वलांडायचा तेवढा राहिला.”

मी गेल्या वर्षी ते दही कुणाच्या नावानं नेलं हे त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या. “असू द्या. तिला बरं वाटलं असंल.” मग त्यांनी स्वतःच्या हातानं माझी बरणी भरली, हातात दिली आणि वर दोन मुठी शेंगा दिल्या. मी निघताना म्हणाल्या, “दत्ता वाळलाय म्हणं.”

“हो. फार.”

“त्याला सांगा, इरजण हाय. रोज देते. फकस्त त्यानं यावं. हितं वट्यावं बसावं, चा घ्यावा न् माझ्या हातनं न्यावं. त्याची आई गेली, तिच्यासंगं तो बांध बी जाऊ द्या की.”

यात कुणाचं काय जात होतं? एक कप चहा. मी मुद्दाम घाईनं परत आले, कारण मला वाटत होतं की चांगली बातमी घेऊन येते आहे.

पुन्हा ओसरीवर

दत्ताभाऊनं सगळं ऐकून घेतलं. त्याला नवल वाटलं नाही, आणि माझं डोकं तिथंच तापायला लागलं.

“कमळी म्हणली तसं?” आईच्या वयाच्या बाईला तो कमळी म्हणाला. मग खोक्याकडे बोट केलं. “मॅडम, त्यातलंच चमचाभर द्या की. तुमचं म्हणून घेतो. लॅबचं.”

“हे कमलबाईंचं आहे.”

“खोक्यात गेल्यावं तुमचंच झालं की.”

“दत्ताभाऊ, ताक कुठून यायचं हे तुम्हाला ठाऊक होतं.”

तो फोटोकडे बघत म्हणाला, “आईनं कंदी सांगितलं न्हाई, मी कंदी इचारलं न्हाई. घरं अशीच चालत्यात. मी तिच्या वट्यावं चा पीत बसलो तर भावकी काय म्हणंल? मला हितं ऱ्हायचंय. तुमचं काय, तुमी आता एसटीत बसताल.”

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती. ती जिवंत माणूस होऊन समोर बसेल आणि पोट धरून दर तासाला परसाकडे जाईल, असं वाटलं नव्हतं. मला त्याची कीव आली, आणि कीव येते याचाही राग आला. मी चमचाभर देऊ शकत होते. दिलं नाही. “जा की तिथवर, शंभर पावलं नाहीत,” एवढं म्हणाले आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. वैशाली दाराआड उभी होती. तिनं मला निरोपाचा हात केला नाही.

एसटीत खोका पुन्हा मांडीवर घेतला. या वेळी शेजारच्या माणसानं काही विचारलं नाही. बोंबलाच्या वासानं तो उठून मागं गेला.

पुणे

तोच जिवाणू मिळाला. पुन्हा ताटल्या लावल्या, पेशींवर आधी तो सोडला, मग रोगाचे जंतू. हाका कमी झाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, संचालकांनी पेढे मागवले. कुपीवरचं ताराबाईंचं नाव काढून मी कमलबाईंचं लिहिलं, तेव्हा तेच संचालक म्हणाले, “नावानं काय फरक पडतो? जिवाणू तोच ना?” मी चिठ्ठी चिकटवून टाकली. उत्तर दिलं असतं तर माझीच आतडी सुजली असती.

होळीच्या सुमारास वैशालीचा फोन आला.

“ताई, ह्यांना लई बरं हाय आता. रगत थांबलं. भाकरी खायाला लागलेत. समद्या गावाला सांगत्यात, पुण्याच्या मॅडमनी औषध धाडलं म्हणून.”

“मी काहीच पाठवलेलं नाही.”

“ठावं हाय मला.” ती हळू बोलायला लागली. “कमलमावशी ठिवतात बांधावं. दगडावं. मी रोज सकाळी जाऊन आणते. ह्यांना सांगितलं, मॅडमनी लॅबमधनं डबा धाडलाय, त्याचंच लावते.”

तो दह्यानं बरा झाला, गोळ्यांनी झाला की आपसूक झाला, ते मला सांगता येणार नाही. पण मला दुसरंच काही विचारायचं होतं. “कमलबाईंना माहीत आहे, तू माझं नाव सांगतेस ते?”

“त्याच म्हणल्या तसं सांग म्हणून. आधी लई दिवस वाट बघितली त्यांनी ह्यांची. वट्यावं कप मांडून बसायच्या. मग ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तवा म्हणल्या, जाऊ दे, ताराबाईचा लेक हाय, मरू कसं देऊ.”

 मला त्या पालथ्या वाटीची आठवण झाली, म्हणून विचारलं, “वाटी परत देतेस ना त्यांची?”

“देते की. दगडावं ठिवते.”

“त्यात काही घालतेस का? चिमूटभर साखर?”

 फोनमधून पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता.

“कशी घालू ताई?” वैशाली म्हणाली. “साखर घालताना ह्यांनी बघितलं, तर विचारतील ना, वाटी कुणाची म्हणून.”